उंची पडताळलेली नाही

ग्लेनिस नोस्के टपाल वाटते. सकाळी पावणेआठला आमच्या गावाहून, कारानूकहून, निघायचं, उत्तरेच्या शेतांमधून दोनशे बारा किलोमीटरचा फेरा मारायचा आणि दोनच्या आत परत यायचं. फेऱ्यावर त्र्याऐंशी टपालपेट्या आहेत. त्यातली एक म्हणजे जुना मायक्रोवेव्ह, एक दुधाचा कॅन, एक मोडका फ्रीज. बाकी बहुतेक तेलाची पिंपं, आडवी करून खांबावर ठोकलेली. पत्रांबरोबर ती पाव नेते, औषधं नेते, ट्रॅक्टरचे पट्टे नेते. एकदा बारा कोंबड्याही नेल्या होत्या. आठवड्याचे पाच दिवस, एकतीस वर्षं. पबमध्ये कुणीतरी एकदा हिशेब मांडला तेव्हा सोळा लाखांवर किलोमीटर भरले. एवढ्यात चंद्रावर दोनदा जाऊन दोनदा परत येता येतं. ग्लेनिसने ते सगळे एकाच तालुक्यात घालवले होते.

ती कधी उशिरा आली नाही. पेटी क्रमांक एकोणचाळीसवाली बाई तिच्या गाडीची धूळ दिसली की किटली चढवते आणि रेडिओवरच्या बातम्यांआधी चहा तयार असतो. आमच्याकडे लोक अंतर किलोमीटरमध्ये सांगत नाहीत, वेळेत सांगतात. हॉस्पिटल पन्नास मिनिटं. मुलीचं सासर सव्वादोन तास. रस्ते पट्टीने आखलेले आणि जमीन परातीसारखी, त्यामुळे शंभर किलोमीटर म्हणजे एक तास, ही गोष्ट आम्ही पाढ्यासारखी शिकतो आणि त्यानंतर तिच्याविषयी विचार करत नाही.

ग्लेनिसची आई एल्वा एक्क्याण्णव वर्षांची. ती मूळची इथली नाही. यारा नदीच्या उगमाकडच्या डोंगरांत लाकूड कापायची एक गिरणी होती, तिथे तिचे वडील कामाला होते. एकोणीसशे एकोणचाळीसच्या जानेवारीत वणवा आला आणि गिरणी, घरं, घोडे, सगळं एका दुपारी गेलं. माणसं ओढ्यात ओल्या घोंगड्यांखाली बसून राहिली म्हणून वाचली. महिन्याभरात एल्वाचं कुटुंब गव्हाच्या मुलखात काकांकडे आलं. एल्वा तेव्हा अकरावं पुरं करायची होती. पुन्हा ती त्या डोंगरांत गेली नाही. आधी शेत होतं, मग मुलं, मग आजारी नवरा. आणि झाडं बघायला म्हणून कोण जातं?

पण झाडांबद्दल ती बोलायची. आमच्याकडचं झाड म्हणजे खुजं, एकाच बुंध्यातून दहा फांद्या फुटलेलं, उंच माणसाने हात वर केला तर झाडाच्या अर्ध्यापर्यंत पोचेल असं. एल्वा सांगायची की तिच्या वडिलांनी पाडलेलं एक झाड जमिनीवर आडवं पडल्यावर मोजलं होतं. तीनशे फूट. ग्लेनिसचा नवरा क्लाइव्ह हे पंचेचाळीस वर्षं ऐकत आला होता. गावच्या सायलोवर, म्हणजे गहू साठवायच्या मनोऱ्यासारख्या उंच कोठारावर, त्याने चाळीस वर्षं नोकरी केली. सायलोची शिडी त्याच्याइतकी कुणी चढली नसेल.

गावाला एकशेतीस वर्षं झाली म्हणून एक पुस्तक निघालं. जुन्या लोकांच्या आठवणी त्यात होत्या. पान चौसष्टवर एल्वाची होती. ख्रिसमसच्या जेवणानंतर ते पुस्तक टेबलावर फिरत फिरत तिच्यापर्यंत आलं.

“हे काय आहे?” तिने बोट ठेवून विचारलं.

“कंस आहे, आई,” ग्लेनिस म्हणाली.

“कंस मलाही दिसतोय. आत काय लिहिलंय ते वाच.”

ग्लेनिसने वाचलं. “उंची पडताळलेली नाही.”

“बरोबरच लिहिलंय की,” क्लाइव्ह म्हणाला. “ते झाड दर ख्रिसमसला दहा फूट वाढतं. समितीने बिचाऱ्यांनी कुठल्या वर्षीचा आकडा घालायचा?”

“तू गप बस. तू जन्मात पाहिलेली सगळ्यात उंच वस्तू म्हणजे तुझा तो सायलो.”

“बत्तीस मीटर आहे माझा सायलो. पडताळलेला.”

सगळे हसले. एल्वा हसली नाही. पुस्तक मिटून तिने त्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “मग पडताळूया.”

 आईच्या झाडांवर आपला विश्वास आहे की नाही, हे ग्लेनिसने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने टपाल खात्याला नऊ दिवसांची रजा कळवली. एकतीस वर्षांतली पहिली. बदलीला शॉना नावाची मुलगी मिळाली. पुढच्या वर्षी बघू, हे वाक्य त्या घरात आता कुणी वापरत नव्हतं.

जानेवारी आणि फेब्रुवारी ग्लेनिसने स्वयंपाकघरातल्या टेबलावर सहलीची आखणी केली. राज्याचा मोठा कागदी नकाशा, कडा टोमॅटो सॉसच्या बाटल्यांनी दाबलेल्या. निघायचंच आहे तर आईला सगळं राज्य दाखवायचं, असं तिने ठरवलं होतं. आधी मेलबर्न, तिथे मुलगी टॅमसिन राहते. मग पूर्वेचा समुद्रकिनारा, दुधाच्या गाईंचा हिरवा मुलूख, आणि शेवटच्या दिवशी, घरी परतताना, डोंगर. टपालाच्या फेऱ्याला वापरते तोच तक्ता तिने घेतला: थांब्याचा क्रमांक, पोचणे, निघणे, शेरा. एकूण सत्तेचाळीस थांबे झाले. आईला दर सत्तर मिनिटांनी स्वच्छतागृह लागतं, म्हणून त्यातले एकवीस तेच होते. शेऱ्यात “स्वच्छ”, “पायऱ्या आहेत, नको”, “शेजारी बेकरी”. काही ठिकाणच्या ग्रामपंचायतींना तिने फोन करून दाराची रुंदी विचारली होती.

टॅमसिन फोनवर म्हणाली, “आई, ही सहल आहे की सैन्याची चढाई?”

“आजीची खुर्ची तुमच्या लिफ्टमध्ये मावते का ते मोजून सांग.”

“अगं, पियानो मावतो त्यात.”

“पियानोला वळावं लागत नाही. मोजून सांग.”

क्लाइव्हची एकच अट होती. घरच्या टाकीचं पावसाचं पाणी, वीस लिटर, बरोबर न्यायचं. शहराच्या पाण्याला पोहण्याच्या तलावाची चव येते, असं त्याचं मत. डोंगराच्या दिवसाचा कागद त्याने हातात घेऊन पाहिला. थांबा शेहेचाळीस: एकशेचाळीस किलोमीटर, एक तास पंचवीस मिनिटं. पोचणे दहा वीस. निघणे बारा वीस. घरी सहा पंधरा.

“ठीक दिसतंय,” तो म्हणाला. आमच्यापैकी कुणीही हेच म्हटलं असतं.

मार्चमधल्या एका शनिवारी ते निघाले. मेलबर्नला ठरल्या मिनिटाला पोचले. क्लाइव्ह गाडी चालवत होता आणि गावाकडच्या सवयीने समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला स्टिअरिंगवरचं बोट उचलून राम राम करत होता. शहराच्या वेशीपासून पुलापर्यंत त्याने बोट उचललं. मग म्हणाला, “दुखायला लागलं,” आणि मूठ मिटली.

टॅमसिन एकतिसाव्या मजल्यावर राहते. एल्वाला खिडकीशी नेलं तेव्हा तिने खाली ट्राम पाहिल्या, नदी पाहिली, आणि विचारलं, “आपण किती उंचावर आहोत?”

“शंभर मीटरच्या जरा खाली असू, आजी.”

“तीनशे फूट म्हणजे किती?”

टॅमसिनने फोनवर पाहिलं. “एक्क्याण्णव मीटर. म्हणजे दोन-तीन मजले खाली. अठ्ठाविसावा धर.”

“मला खाली घेऊन चला,” एल्वा म्हणाली.

“आत्ता तर वर आलो!” क्लाइव्ह म्हणाला.

खाली गेले. एल्वाने खुर्ची रस्त्याच्या पलीकडच्या फुटपाथवर लावायला सांगितली. टॅमसिनच्या ओळखीचं एक जोडपं अठ्ठाविसाव्या मजल्यावर राहत होतं. त्यांनी गॅलरीच्या कठड्यावर लाल टॉवेल टाकला. खालून तो टपालाच्या तिकिटाएवढा दिसत होता. शनिवार संध्याकाळची गर्दी होती आणि माणसं खुर्चीला वळसा घालून जात होती. एल्वाने बोट खालपासून वरपर्यंत सावकाश नेलं.

“तिथपर्यंत,” ती म्हणाली.

क्लाइव्हने टॉवेलकडे पाहिलं. नंतर त्याने टॅमसिनला सांगितलं की तोवर तीनशे फूट हा त्याच्यासाठी नुसता आकडा होता, थापेला शोभेल असा गोल आकडा. त्या फुटपाथवर त्याला पहिल्यांदा शंका आली. आपल्या पंचेचाळीस वर्षांच्या हसण्याची नाही, तर सासूच्या डोक्याची.

“एल्वा,” तो म्हणाला, “असलं झाड असू शकत नाही गं. वाऱ्याने पडेल.”

“पडायचं कधीकधी. मग चार दिवस शाळेचा रस्ता बंद.”

समुद्र पाहून झाला. “आपल्या गव्हासारखाच, फक्त ओला,” असा क्लाइव्हचा शेरा. गाई पाहून झाल्या. आठ दिवस सगळं तक्त्याबरहुकूम चाललं होतं. कुठेही सात मिनिटांहून जास्त फरक पडला नाही. नवव्या दिवशी, रविवारी, नऊला पाच मिनिटं कमी असताना ते डोंगराच्या रस्त्याला लागले.

पहिल्या अकरा किलोमीटरना चाळीस मिनिटं लागली. रस्ता दर पन्नास पावलांवर वळत होता, आणि ज्या माणसाने आयुष्यात वळणापेक्षा चौक जास्त पाहिले त्याला ब्रेक केव्हा लावायचा हेच कळत नव्हतं. मागे ओंडक्यांचा ट्रक लागला. क्लाइव्हने बाजू दिली, पुढचा ट्रक आला, त्यालाही दिली. एल्वाला ओकारी झाली, मग पुन्हा झाली. तक्त्यात नसलेले सहा थांबे झाले. ग्लेनिस मांडीवरच्या कागदाकडे पाहत होती.

“काय चुकलं?” क्लाइव्हने विचारलं.

“मी नकाशा आपल्याकडच्यासारखा वाचला,” ती म्हणाली. “इथे किलोमीटर दुमडलेले आहेत.”

ते पोचले तेव्हा एक वाजायला आला होता आणि डोंगरावर धुकं उतरलं होतं. खेड्यात एक मोटेल होतं. तिथल्या मालकिणीने दार उघडलं.

“झाडं बघायला आलात? अरेरे. बारापर्यंत कसं लख्ख ऊन होतं! दहाला आला असतात तर आभाळाला टेकलेली दिसली असती.”

ग्लेनिसचा चेहरा पडला. दहा वीस, असं तिनेच लिहिलं होतं.

तरी ते रस्त्याने एक किलोमीटर वर गेले. दोन्ही बाजूंना खोडं होती, जाड, खाली खरबरीत आणि वर फिकट गुळगुळीत. पंचवीस-तीस फुटांवर ती धुक्यात शिरत आणि संपत.

“अर्धीच बांधलेली दिसतायत,” क्लाइव्ह म्हणाला. नेहमीसारखं कुणी हसलं नाही, तेव्हा त्यालाच वाईट वाटलं.

एल्वा खुर्चीत शाल लपेटून बसली होती. तिने तक्रार केली नाही. तीनपर्यंत वाट पाहिली. धुकं तसूभर हललं नाही.

“चला,” एल्वा म्हणाली. “ग्लेनिसला उद्या टपाल आहे.”

मोटेलच्या मालकिणीने चहा करून दिला आणि बोलता बोलता एल्वाची हकीकत काढून घेतली. आमच्याकडची माणसं नसतात इतकी ती बोलकी होती. “उद्या सकाळी नक्की उघडेल,” ती म्हणाली. “आणि आजी, तुम्ही त्या गिरणीवरच्या? मग ही झाडं तुम्ही पाहिलेली नव्हेत हो. ती सगळी त्या वणव्यात मेली. ही जात आगीतून उठत नाही. मरता मरता बी टाकते आणि राखेतून नवीन येतात. इथली सगळी एका वयाची. परवा जानेवारीत ऐंशी झाली.”

 एल्वाने कप खाली ठेवला.

“काळे खांब होते,” ती म्हणाली. “आम्ही इथून गेलो तेव्हा सगळा डोंगर नुसते काळे खांब. मला वाटलं होतं, काही उरली असतील.”

“म्हणजे साक्षीदारच गेले,” क्लाइव्ह म्हणाला. तो चेष्टा करत नव्हता. पण एल्वाने मान फिरवली.

चार वाजायला दहा मिनिटं होती. आत्ता निघालं तरी अकराच्या आत घर, आणि सकाळी साडेसहाला टपाल लावायला हजर. ग्लेनिस उठली आणि मोटेलच्या भिंतीवरच्या फोनवरून तिने शॉनाला फोन लावला, कारण त्या दरीत मोबाइल चालत नाही.

“शॉना, उद्याचा फेरा तूच कर.”

“उद्या? का, अपघात झाला का? क्लाइव्हला काही झालं?”

“नाही. सगळे बरे आहेत.”

“मग लोकांना काय सांगू? एकोणचाळीसवाली हजार प्रश्न विचारेल!”

“सांग, ग्लेनिसला उशीर झालाय,” ती म्हणाली आणि फोन ठेवला. मग मालकिणीकडे वळून म्हणाली, “दोन खोल्या. एक दाराला पायऱ्या नसलेली.”

एल्वा म्हणाली, “कशासाठी? ती नाहीयेत ना आता.”

“जी आहेत ती बघू.”

सोमवारी सकाळी साडेसातला आकाश निळं होतं. त्याच रस्त्याने, त्याच जागी ते पुन्हा आले. क्लाइव्हने गाडी थांबवली, दार उघडलं, एक पाय खाली ठेवला आणि वर पाहिलं. दुसरा पाय बराच वेळ गाडीतच होता.

खोडं वर जात होती. काल जिथे धुक्याने ती कापली होती तिथून तर ती निघतच होती. फांदी नव्हती. सालीच्या लांब पट्ट्या सुटून लोंबत होत्या. त्यातली एक दहा मीटरची असेल आणि खोडावर ती धाग्यासारखी दिसत होती. मान मागे टेकली तरी खोड संपत नव्हतं. संपलं तिथे पानांचा पातळ थर होता आणि त्याला ऊन लागलं होतं. खाली अजून सकाळ झाली नव्हती, वर झाली होती. आणि अशी एक-दोन नाही, दिसेल तिथवर, डोंगर चढून पलीकडे उतरलेली, सगळी सरळ, सगळी एका उंचीची. क्लाइव्हला आपल्याकडचं पेरलेलं शेत आठवलं, असं तो नंतर पबमध्ये म्हणाला. फक्त त्या शेतात आपण मुंगी असतो.

त्याने काठी तोडली. हाताच्या लांबीएवढी काठी हात ताठ करून डोळ्यांसमोर उभी धरायची आणि बुंधा व शेंडा तिच्या दोन टोकांत बसेपर्यंत मागे सरकायचं. जितकं अंतर तितकी उंची. सायलोचं आवार पावलांनी मोजण्यात चाळीस वर्षं गेल्याने त्याचं पाऊल बरोबर एक मीटरचं आहे. ग्लेनिस रस्त्याकडेच्या एका झाडाशी उभी राहिली आणि तो रस्त्यावरून उलटा चालत, मोठ्याने मोजत मागे गेला. तीसला तो थांबला नाही. पन्नासला ग्लेनिसला त्याचा आवाज नीट ऐकू येईना. परत आला तेव्हा त्याचा श्वास लागला होता.

“अडुसष्ट.”

“फूट?” ग्लेनिसने विचारलं.

“मीटर. माझे सायलो दोन, आणि वर घर.” तो एल्वाच्या खुर्चीसमोर उकिडवा बसला. “एल्वा, ही ऐंशी वर्षांची आहेत. तुझ्यापेक्षा लहान. तुझ्या वडिलांनी पाडलं ते किती वर्षांचं होतं?”

“वडील बुंध्यावरची वलयं मोजायचे, वर्षाला एक. तीनशेच्या पुढे गेलं की कंटाळायचे.”

क्लाइव्हने पुन्हा वर पाहिलं. पंचेचाळीस वर्षांत तो सासूला कधी “चुकलं माझं” म्हणाला नव्हता आणि आताही म्हणाला नाही. त्याने टोपी काढली आणि म्हणाला, “तू उगाच कमी सांगितलंस गं आम्हाला.”

“जास्त सांगितलं असतं तर कोण ऐकणार होतं?”

एल्वाला वर पाहता येत नव्हतं. तिची मान मागे कलायची बंद होऊन दहा वर्षं झाली होती. ती समोरच्या खोडाकडे पाहत होती, जसं कुणी भिंतीकडे पाहतं. ग्लेनिसच्या हे लक्षात आलं. तिने गाडीतून जेवायला बसायची सतरंजी आणली, शालीची उशी केली आणि क्लाइव्हला म्हणाली, “पायाकडून धर.”

“जमिनीवर? उठवणार कशी परत?”

“उठवू.”

दोघांनी मिळून एक्क्याण्णव वर्षांच्या बाईला ओल्या नेच्यांमध्ये उताणं निजवलं. तिची टोपी बाजूला गेली. मग ग्लेनिस तिच्या एका बाजूला आडवी झाली आणि, इकडे तिकडे पाहून, दुसऱ्या बाजूला क्लाइव्ह. ओंडक्यांचा एक ट्रक आला, हळू झाला, तीन माणसं रस्त्याकडेला ओळीने पडलेली पाहून थांबला. ड्रायव्हरने काच खाली केली.

“सगळं ठीक आहे ना तिथे?”

“बघतोय!” क्लाइव्ह आडव्यानेच ओरडला.

ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढून वर पाहिलं, जसं काही तिथे आज नवीन काही आलं असेल, आणि गेला.

“शेंडे हलतायत,” ग्लेनिस म्हणाली. “आणि इथे वारा नाही.”

“तो वरचा वेगळा असतो,” एल्वा म्हणाली. “आवाज इथे पोचेपर्यंत थोडा वेळ जातो. गप राहा, येईल.”

ते गप राहिले. थोड्या वेळाने तो आला, खूप वरून, पाण्यासारखा. क्लाइव्हच्या पायमोज्यातून एक जळू वर चढत होती आणि त्याला ते कळलं नव्हतं, कारण आमच्याकडे जळू नसते. एल्वाचे डोळे उघडे होते. पेटी क्रमांक एकची वेळ होऊन गेली होती.